शांतता क्रमांक तीन

आपल्या बाजूला चेहरे होते एकशे बारा. आवाज अडतीस. मरायच्या तऱ्हा सव्वीस, हसायच्या नऊ, जखमी सोबत्याला खांद्यावर घ्यायच्या चार आणि घरचं पत्र वाचायची एक. शत्रूच्या बाजूला चेहरे चार, तेही नाकापर्यंत फडक्यात गुंडाळलेले. आवाज दोन. मरायच्या तऱ्हा तीन. हसायची एकही नाही. बुटांना नाड्या नव्हत्या.

बंदुकीला मात्र सतरा स्क्रू होते, आणि सतराच्या सतरा स्क्रूंवरचा गंज वेगवेगळा होता.

हे सगळं मोजून तक्त्यात भरायचं काम जिच्याकडे होतं, तिला कचेरीत सगळे फूटपट्टी म्हणत. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन ती या व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत लागली, त्याला दीड वर्ष झालं होतं. वीस वर्षांनंतरच्या एका युद्धाचा खेळ बनत होता. तो खरा वाटतो की नाही हे तपासायचं, ही तिची नोकरी. गोळी सहाशे मीटरवर किती खाली येते, उडत्या यंत्राची सावली दुपारी तीन वाजता कुठे पडते, ओल्या मातीत रणगाडा किती रुततो. तक्त्यात एकूण चारशे बारा ओळी होत्या. प्रत्येक ओळीपुढे ‘खरं वाटतं का?’ आणि त्यापुढे ‘हो’ किंवा ‘नाही’. शेवटी खाली तिची सही.

पहिले सहा महिने तिला ही नोकरी म्हणजे लॉटरी वाटली होती. मग हळूहळू तिच्या लक्षात आलं की तिच्या फूटपट्टीचा उपयोग एकाच बाजूला होतो.

नाड्यांवरून तर चांगलीच जुंपली होती. कंपनीचा प्रमुख स्वतःला कप्तान म्हणवून घेई. माउसहून जड वस्तू त्याने जन्मात उचलली नव्हती, पण कचेरीत खिशाखिशांची पँट घालून हिंडायचा आणि जेवणाच्या सुट्टीला ‘युद्धविराम’ म्हणायचा.

“शत्रूच्या बुटांना नाड्या नाहीत,” ती म्हणाली होती.

“माहितेय.”

“मग त्याच्या पायात बूट राहतो कसा?”

“भीतीने,” कप्तान म्हणाला आणि स्वतःच हसला. मग खुर्ची ओढून तिला समजावू लागला. “हे बघ, नाड्या दाखवल्या की तो माणूस वाटतो. कुणीतरी सकाळी बसून बांधल्यात असं वाटतं. आणि माणूस वाटला की खेळणारा थबकतो. मोजलंय आम्ही. शून्य पूर्णांक चार सेकंद.”

“एवढंच?”

“एवढ्यात खेळाची मजा जाते, फूटपट्टी.”

तिने ती ओळ ‘नाही’ केली. दुसऱ्या दिवशी ओळच तक्त्यातून गायब झाली होती.

शत्रू कुठल्या देशाचा हेही ठरवायचं नव्हतं. खेळ सगळीकडे खपायचा होता, कुणाच्या भावना दुखावता कामा नये. म्हणून या देशाची टोपी, त्या देशाची लुंगीवजा विजार, तिसऱ्याची दाढी आणि कुठल्याच देशाचा नसलेला झेंडा असं गाठोडं बांधून त्याला नाव दिलं होतं ‘फौज’. नुसतं फौज. प्रश्न उरला भाषेचा. तो कानसेनने सोडवला.

कानसेन म्हणजे आवाजाचं काम बघणारा. गळ्यात सूर नव्हता, पण कान असा की बंद दाराआड कोण शिंकलं ते सांगायचा. सहा फुटांचा मऊ गडी, कुणाला दुखवायचं म्हटलं की याच्याच डोळ्यांत पाणी. त्याने आवाजांच्या जुन्या फायली घेतल्या, कापल्या, आणि उलट्या वाजवल्या. शेवटाकडून सुरुवातीकडे. भाषा वाटते, पण कुणाची नाही. कप्तान खूश झाला. तक्त्यात ओळ वाढली: तीनशे अठरा, शत्रूची आरोळी.

फौज धाव घेताना ही आरोळी ठोकायची. आधी श्वास ओढल्यासारखी एक बारीक शिट्टी, मग बारा गळ्यांतून एकदम: “ईऽऽआ!”

खेळून बघायला आणलेल्या लोकांनी तिला पाचपैकी चार पूर्णांक सहा गुण दिले होते. ‘अंगावर काटा येतो,’ असं एकाने लिहिलं होतं. फूटपट्टीने ती पहिल्यांदा ऐकली सोमवारी सकाळी, साडेदहाला, कॉफीचा कागदी पेला हातात असताना. तिच्या अंगावर काटा आला नाही. ओठांशी नेलेला पेला तिने परत खाली आणला, आणि का ते तिला कळेना.

तिने पुन्हा ऐकली. आरोळी नाही, शिट्टी. ती शिट्टी तिच्या ओळखीची होती.

ती तिच्या मामाची होती.

मामा शिलाई मशीन दुरुस्त करायचा. बावीस वर्षांपूर्वी तो युद्धावर होता. तिथून परतला तेव्हा डाव्या फुप्फुसाचा निम्मा भाग मागे ठेवून आला. तेव्हापासून त्याचा सोडलेला श्वास संपता संपता बारीक शिट्टी वाजे. घरात कुणी त्याविषयी बोलत नसे. फक्त ती कॉलेजात असताना ध्वनीचा प्रयोग करायचा म्हणून मामाच्या तोंडापुढे माइक धरून बसली होती. “काय निघालं गं?” मामाने विचारलं होतं. “सहाशे चाळीस हर्ट्झ.” “म्हणजे सुरात आहे का बेसूर?” “जवळजवळ सुरात.” “मग लग्नात वाजवायला जातो,” मामा म्हणाला होता.

तिने आरोळीची फाइल आपल्या संगणकावर घेतली आणि मोजणी लावली. सहाशे चाळीस. उलटा वाजवला तरी सूर बदलत नाही. वेग बदलला असता तर बदलला असता, पण कानसेनने वेगाला हात लावला नव्हता. मग तिने एकावर एक चढवलेल्या बारा थरांतला एक वेगळा काढला आणि सुलटा करून ऐकला.

“आऽऽई.” आणि मग शिट्टी.

पेला तिने सांभाळून टेबलावर ठेवला, स्वच्छतागृहात गेली आणि ओकली.

तीन महिन्यांपूर्वी तीच मामाला इथे घेऊन आली होती. कप्तानला ‘खरा सैनिक’ हवा होता, तज्ज्ञ म्हणून. आईने फोनवर बजावलं होतं, “माझ्या भावाला तुझ्या खेळासाठी बोलायला लावू नकोस. तो त्यातलं काही बोलला की आठ-आठ दिवस जेवत नाही.” पण मामाच म्हणाला, “भाचीच्या नोकरीचा प्रश्न आहे. जाऊन येतो. मशीनसारखंच आहे, कुठे अडतं ते सांगायचं.”

भिंतींना काळा स्पंज चिकटवलेल्या त्या बंद खोलीत तो दोन तास बोलला. पट्टा कसा काचतो, बंदुकीत धूळ गेली की काय होतं, भिजलेल्या मोज्यांचा वास. सगळं कागदावर सही करून, दारावरचा लाल दिवा पेटलेला असताना. मग दिवा विझला. कानसेन बाहेर गेला, आत मामा आणि ती दोघंच उरली. मामा पाणी प्यायला आणि दिव्याकडे बघून म्हणाला, “हे बंद झालं ना आता?”

“हो, बंद,” ती म्हणाली. “दिवा विझलाय.”

आणि मग बावीस वर्षांत जे त्याने बहिणीलासुद्धा सांगितलं नव्हतं, ते तिला सांगितलं. तो जखमी होऊन पडला होता. तीन हातांवर दुसऱ्या बाजूचा एक पोरगेला सैनिक पडला होता. दुपारभर दोघं तसेच. “तो हाक मारत होता गं. त्याचा शब्द वेगळा होता, मला तो आता म्हणता यायचा नाही. पण कळतं ना कुणाला हाक आहे ते. अशी…” आणि मामाने डोळे मिटून, त्या पोराच्या आवाजात, पण आपल्या शब्दात ती हाक मारून दाखवली. एकदाच. मग पाण्याचा पेला रिकामा केला आणि म्हणाला, “चल, दुकानात दोन मशीनं खोलून ठेवलीत.”

फूटपट्टी स्वच्छतागृहातून निघाली ती थेट कानसेनच्या खोलीत.

“ही आरोळी कुठल्या फायलीतून काढलीस?”

कानसेनने नाव शोधलं. “शांतता क्रमांक तीन.”

“म्हणजे?”

“अगं, प्रत्येक वेळी काम संपलं की दहा मिनिटं खोलीची शांतता भरून घेतो आपण. रिकाम्या खोलीचाही आवाज असतो ना, पंख्याचा, तारांचा. तो नंतर वजा करायला लागतो. दिवा विझला की ते आपोआप सुरू होतं.”

“दिवा विझला की सुरू होतं?”

“दिवा फक्त दारासाठी असतो. बाहेरच्याने आत शिरू नये म्हणून.” तो थांबला. “तुला माहीत नव्हतं?”

दीड वर्षात तिने त्या खोलीची लांबी-रुंदी, स्पंजाची जाडी, प्रतिध्वनीचा काळ, सगळं मोजलं होतं. दिवा कशाचा आहे, हे विचारलं नव्हतं.

“त्यात माझा मामा होता,” ती म्हणाली. “तो शब्द काय आहे ठाऊक आहे तुला? सुलटा लाव.”

कानसेनने लावला. त्याचे मोठे कान हळूहळू लाल झाले. “मी सुलटं ऐकलंच नव्हतं गं,” तो म्हणाला. “पडद्यावर आवाजाच्या लाटेचा आकार बघून कापलं. चढ छान होता. आणि शांततेच्या फायलीवर कुणाची सही लागत नाही, म्हणून…”

कप्तानपुढे ती उभी राहिली तेव्हा तो डबा उघडून बसला होता. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, मध्ये एकदा “अरे बाप रे” असंही म्हणाला. मग चमचा चाटून म्हणाला, “पण एक सांग. कुणालातरी कळतंय का?”

“मला कळलं.”

“तुझं सोड. तू माणूस आहेस का? तू फूटपट्टी.” तो हसला; ती हसली नाही, तेव्हा थांबला. “चार पूर्णांक सहा गुण आहेत त्या आरोळीला. का असतील? खरी आहे म्हणून. तूच म्हणतेस ना, खरं हवं, खरं हवं?”

“तो एक मरणारा मुलगा आहे. आईला हाक मारतोय.”

“होता. आता फौज आहे.” त्याने डब्याचं झाकण लावलं. “बरं, बरं, डोळे वटारू नकोस. शुक्रवारी मामांना बोलावलंय ना आपण खेळ दाखवायला? त्या प्रतीत नसेल ती. झालं?”

तिने विश्वास ठेवला. दुसरं करण्यासारखं काही सुचलं नाही, हेही खरं. मामाने तर चार दिवस आधीच शर्टाला इस्त्री करून ठेवली होती.

शुक्रवारी अकरा वाजता मामा आला. सगळी कचेरी पडद्याभोवती गोळा झाली. मामाच्या हातात खेळायचं यंत्र दिलं, बटणं दाखवली. तो पडद्यावरच्या बंदुकीकडे बराच वेळ वाकून बघत राहिला.

“गंज छान काढलाय,” तो म्हणाला. “आमच्या बंदुकीला एवढा गंज असता तर सुभेदाराने आम्हालाच तेल लावलं असतं.”

सगळे हसले. मामाही खुलला. त्याने दोन पावलं टाकली, भिंतीवर आदळला, “माफ करा हं,” असं भिंतीला म्हणाला. पुन्हा हशा. कप्तानने भाचीकडे बघून डोळा मारला.

मग टेकडीवरून फौज आली. शिट्टी. आणि बारा गळ्यांतून, चारी कोपऱ्यांतल्या स्पीकरांतून: “ईऽऽआ!”

मामाचा अंगठा बटणावरच राहिला. फौज जवळ आली, पुन्हा शिट्टी, पुन्हा आरोळी. पडदा लाल झाला.

“मामा, मेलात की हो!” कप्तान ओरडला.

“हो,” मामा म्हणाला. मग विचारलं, “हे काय ओरडतात?”

कानसेन स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

“काही नाही हो, निरर्थक आहे,” कप्तान म्हणाला. “अर्थ नसला की बरं, कुणी रागावत नाही.”

“असं होय.”

मामाने यंत्र टेबलावर ठेवलं. पाना वापरून झाला की तो फडक्यावर ठेवतो, तसंच, आवाज न करता. “निघतो. मशीनं खोलून ठेवलीत,” तो म्हणाला.

लिफ्ट होती, पण मामाला बंद पेटी आवडत नसे. जिन्याला चव्वेचाळीस पायऱ्या होत्या. सोळाव्या पायरीवर तो थांबला, कठड्याला धरून. तो श्वास घेत होता आणि ती पायऱ्यांकडे बघत होती. श्वास संपला, शिट्टी वाजली.

“तो दिवा बंद होता ना गं?” मामाने विचारलं.

“दिवा बंद होता, मामा.” एवढ्यावर थांबता आलं असतं. एवढं खरंही होतं. “पण दिवा बंद झाला की दुसरं भरायला सुरू होतं. मला माहीत नव्हतं. मी विचारलं नव्हतं.”

“हं. शिट्टी माझीच होय. बावीस वर्षं ऐकतोय, चुकणार कशी? आणि तिच्यापुढचं?”

“तू जे म्हणून दाखवलंस ना… तेच. उलटं करून.”

मामाने हात कठड्यावरून काढला, पुन्हा ठेवला.

“अगं, तो धावत नव्हता कुणावर,” शेवटी तो म्हणाला. “पडून होता. एवढं तरी त्यांना सांग.”

पुढच्या अठ्ठावीस पायऱ्या तो न थांबता उतरला. रस्ता ओलांडून पलीकडे जाईपर्यंत तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने मागे वळून हात केला नाही.

ती वर आली, तक्ता उघडला आणि तीनशे अठराव्या ओळीवर गेली. ‘खरं वाटतं का?’ तिने लिहिलं: ‘आहे.’ शेऱ्याच्या चौकटीत मग सगळं लिहिलं. आवाज कुणाचा, शब्द कुठला, कुठल्या दिवशी, किती वाजता, दिवा विझलेला असताना, फायलीचं नाव काय. ‘हा माणूस धावत नव्हता, पडून होता,’ हेही लिहिलं. मग खाली सहीची जागा कोरी ठेवून तक्ता कप्तानला पाठवला, आणि कंपनीच्या वकिलालाही.

अर्ध्या तासात कप्तान तिच्या टेबलापाशी हजर. खिशाखिशांच्या पँटच्या एकाही खिशात त्याचे हात मावत नव्हते.

“हे काय लिहून ठेवलंयस? बाहेर गेलं तर?”

“म्हणून तर लिहिलं. तुम्ही म्हणाला होता शुक्रवारी नसेल.”

“राहून गेलं! कामाच्या रगाड्यात राहून गेलं गं!”

“सतरा स्क्रूंचा गंज राहून गेला नाही.”

कप्तानने कपाळ पुसलं. “काढतो. बाई, हात जोडतो, काढतो. पण मग तू सही करशील आणि हा शेरा पुसशील.”

“आधी लेखी द्या.”

लेखी आलं, वकिलामार्फत, चार ओळींचं. ‘संबंधित ध्वनीमधील व्यक्तीची ओळख पटवणारा भाग विक्रीच्या प्रतीतून पूर्णपणे काढण्यात येईल.’ तिने ते तीनदा वाचलं. तारीख बघितली, शिक्का बघितला, फायलीचा क्रमांक ताडून पाहिला. मग शेरा पुसला, सही केली, आणि तक्त्याखालीच राजीनामा लिहून दिला. निघताना कानसेन दारापर्यंत आला. त्याला काहीतरी सांगायचं होतं असं वाटलं, पण त्याने नुसताच तिच्यासाठी दरवाजा धरून ठेवला.

त्या शुक्रवारपासून मामा नऊ दिवस जेवणावरून लवकर उठला. आईने मोजले होते. दहाव्या दिवशी त्याने भाचीला दुकानात बोलावलं आणि एका मशीनच्या तळाचा स्क्रू घट्ट धरायला सांगितला. ती म्हणाली, “मामा, ते काढणार आहेत. लेखी दिलंय.” मामाने नुसती मान हलवली. “धर नीट,” तो म्हणाला. “हलतंय.”

नऊ आठवड्यांनी खेळ दुकानात आला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं: ‘आजवरचं सर्वांत खरं युद्ध’. तिने एक प्रत विकत घेतली. रविवारी दुपारी घरी दार लावून वीस मिनिटांची एक पूर्ण लढाई खेळली, तिचा सगळा आवाज भरून घेतला आणि मोजायला बसली.

सहाशे चाळीस हर्ट्झपाशी, मामाच्या शिट्टीच्या जागी, आजूबाजूच्या गोंगाटाहून वेगळं काहीही सापडलं नाही. फौजेची आरोळी वीस मिनिटांत एकशे शहाण्णव वेळा आली. सुलटी केल्यावर: ‘आई’, एकशे शहाण्णव वेळा.